सूज दाखव मले!

पांढुर्ण्यात भाड्याची खोली शोधताना तीन घरांत मला आधी आडनाव विचारलं गेलं. ते सांगितल्यावर एका घरची खोली अचानक भाच्यासाठी राखून ठेवलेली निघाली, दुसऱ्या घरच्या नळाला पाणी येईनासं झालं, आणि तिसऱ्या घरच्या बाईंनी निदान चहा पाजून नाही म्हटलं. चौथ्या घराच्या दारात एक वाळकुडा, उंच माणूस खुरपं घेऊन उभा होता. त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"काय काम करते तू?"

"लॅबमध्ये आहे. बस स्टँडजवळ. रक्त तपासते."

"हात हलका हाय का?"

"लोक तर म्हणतात."

"लोकायचं सोड." त्यानं खुरपं भिंतीला टेकवलं आणि शर्टाची बाही वर केली. "काढ."

मी घरोघरी सॅम्पल घ्यायला जायचे, त्यामुळे डबा सोबतच होता. मलाही काय सुचलं कोण जाणे, तिथंच ओट्यावर बसवून त्यांचं रक्त काढलं. ते डोळे घट्ट मिटून बसले होते. "झालं," मी म्हटलं. त्यांनी एक डोळा उघडून दंडाकडे पाहिलं. "राहा मंग. वरची खोली. पायरीवर चपला नको ठेवू, मी अडखळतो." आडनाव त्यांनी तेव्हाही विचारलं नाही आणि नंतरही नाही. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, दोन दिवसांनी विचारलं, ऐकलं, आणि म्हणाल्या, "वांग्याची भाजी केली हाय, देऊ का?"

हे माझे घरमालक. सगळं गाव त्यांना काकाजी म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागले.

काकाजी संत्र्याची कलमं बांधायचे. पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्या बागा आहेत, त्यांतली किती झाडं त्यांच्या हातची, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. जंबेरी लिंबाच्या रोपाची साल चिरायची, त्या चिरेत संत्र्याच्या काडीवरचा डोळा बसवायचा आणि वरून पट्टी आवळायची, एवढंच काम. पण उजव्या हातात चाकू, डाव्या हातात रोप, मग पट्टीचं टोक धरायचं कशानं? काकाजी ते दातात धरायचे आणि मान एका बाजूला झटकून पट्टी ताणायचे. "दात म्हंजे माह्या तिसरा हात," असं ते म्हणायचे आणि सगळे दात दाखवून हसायचे. दात खर्ऱ्यानं, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीनं, तपकिरी झालेले. सकाळी उठल्यापासून गालात खर्रा असायचाच, आणि तो घोटून देणारा पानठेलेवाला त्यांना गावातल्या कुठल्याही डॉक्टरपेक्षा जवळचा.

वरवरचं त्यांना काहीही पटत नसे. समोर आलेली प्रत्येक वस्तू ते अंगठ्याच्या नखानं खरडून पाहत. झाडाची साल खरडून आत हिरवं आहे का पाहायची, ही धंद्याची सवय. पण ती सवय झाडापाशी थांबेल तर ते काकाजी कसले? बँकेचं दार खरडलं. शेजाऱ्याची नवी मोटरसायकल खरडली, त्यावरून महिनाभर बोलणं बंद होतं. भाचीला पाहायला आलेल्या मुलाच्या घड्याळाचा पट्टा खरडून चारचौघांत जाहीर केलं, "रेक्झीन हाय." लग्न झालं, पण तो जावई अजून त्या घरी घड्याळ घालून येत नाही. माझी पोळीसुद्धा एकदा खरडून पाहिली त्यांनी. मी तोंडाची फटकळ आहे, हे कबूलच करते. म्हटलं, "काकाजी, खायची असेल तर खा, नाहीतर ताट सरकवा इकडे." काकू आत तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्या दिवसापासून आमचं जमलं.

फ्रिजमधल्या संत्र्याला ते बेशुद्ध संत्रं म्हणत. संत्रं झाडाखाली उभं राहूनच खायचं, बसून खाल्लं तर झाडाला राग येतो, असं ते अगदी गंभीरपणे सांगायचे. टीव्हीवर हवामानाचा अंदाज सांगणाऱ्या बाईशी रोज भांडायचे. एवढा भांडखोर माणूस, पण कुणाच्या बागेत एक झाड वाळलं की जेवायचा नाही.

त्यांना अटॅक आला तो डिसेंबरमध्ये, कलमांच्या ऐन हंगामात. नर्सरीत उकिडवे बसून डोळे बांधत होते. जबडा दुखायला लागला तर त्यांना वाटलं दाढ दुखून राहिली. छाती जड झाली तर वाटलं गॅस. लिंबू-सोडा पिऊन पुन्हा कामाला बसले. घामानं शर्ट पिळून निघाला तेव्हा काकूंचा मला लॅबमध्ये फोन आला, "बाई, यायचे ओठ पांढरे पडून राहिले." मी सगळं टाकून धावले. गाडी करून नागपूरला नेलं. रस्ताभर ते मला सांगत होते, "उगी घाई करून राहिली तू, गॅस हाय." डॉक्टरांनी नळी उघडून आत जाळीचा छल्ला बसवला.

अटॅक येऊन गेलेला माणूस घरी आल्यावर गुपचूप पडून राहतो, असा माझा समज होता. काकाजी चौथ्या दिवशी ओट्यावर दरबार भरवून बसले होते. "छल्ला बसवला मले. डॉक्टरनं कलम चांगली बांधली, पण पट्टी दिसू देली नाई." लोक यायचे, छल्ल्याची चौकशी करायचे, आणि जाताना म्हणायचे, "चला, आता टेन्शन नाई." हे वाक्य ऐकलं की मी उठून आत जायचे. का, ते सांगते पुढं.

तीन महिन्यांनी नागपूरला तपासणी झाली. कोलेस्टेरॉल उतरलं होतं, बीपी बरं होतं, छल्ला उघडा होता. काकाजी खुशीत. पण डॉक्टरांनी आणखी एक तपासणी करून घेतली होती, सीआरपी नावाची, आणि तो आकडा चढलेला होता. हृदयाच्या हिशेबानं तो एकच्या खाली बरा, तीनच्या वर गेला तर काळजी. यांचा पाचाच्या पुढं. सर्दीनंही तो वाढतो म्हणून डॉक्टरांनी पंधरा दिवसांनी पुन्हा करायला सांगितलं. पुन्हा मीच केलं, आमच्या लॅबमध्ये, आणि आकडा तिथंच ठाम उभा होता. डॉक्टर फोनवर म्हणाले, "काका, नली खुल गई, लेकिन अंदर सूजन है. दवाई चालू रखना, तंबाखू बंद करना. नहीं तो दुबारा आ सकता है."

दुबारा हा शब्द मी आणि काकूंनी ऐकला. काकाजींनी ऐकला फक्त सूजन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिना उतरत होते तर काकाजी ओट्यावर पाय लांब करून, शिंप्याची टेप घेऊन घोटा मोजत होते. भिंतीवर कोळशानं आकडे लिहिले होते. मला पाहिल्याबरोबर म्हणाले, "पाय!"

आमच्याकडे पाय म्हणजे पाऊलही आणि पाय म्हणजे बघही. मला कळेना काय बघायचं.

"अवो पाय, पाय पाय माह्या!" त्यांनी अंगठा नडगीत रुतवला आणि काढला. "खड्डा पडला का? नाई पडला. हात पाय. तोंड पाय. सूज कुठी हाय? दाखव मले."

"काकाजी, ती सूज अशी दिसत नाही. आतली असते."

"आतली म्हंजे?"

"नळीच्या आतल्या अस्तराची."

"तू पाहिली?"

"मी कशी पाहणार? रक्तावरून कळते."

"मंग तुले दिसत नाई, डॉक्टरले दिसत नाई, मले दिसत नाई. अन् हाय म्हणता!" त्यांनी टेप गुंडाळली. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला.

संपला कसला! महिनाभर रोज सकाळी घोटे मोजणं चाललं. वर एक जोडउपचार त्यांनी स्वतःच काढला. सूज आहे म्हणतात ना, मग आपल्याकडे सुजेवर काय करतात? हळद आणि तुरटी गरम करून लेप. मुरगळलेल्या पायाला लावतात तसा तो लेप काकाजी आंघोळीनंतर छातीवर लावून ऊन खात बसायचे. बनियनं पिवळी झाली, उशी पिवळी झाली, काकूंनी पांढरी चादर टाकणंच सोडलं. मी हसायचे. माझंच चुकलं. लेपानं काही बिघडत नाही, म्हातारा रमला आहे तर रमू दे, असा विचार केला मी.

एप्रिलमध्ये एका दुपारी काकू वर आल्या. हातात औषधाची पिशवी. "बाई, या पट्ट्या जशाच्या तशा कशा?" मी पाहिल्या. रक्त पातळ ठेवायची गोळी, छल्ला बसवलेल्या माणसानं एक दिवसही चुकवू नये अशी, अकरा दिवसांपासून घेतलीच नव्हती. बाकीच्याही तशाच.

मी जिना कसा उतरले मला आठवत नाही. काकाजी ओट्यावर छाती पिवळी करून बसले होते.

"गोळ्या का बंद केल्या?"

"सूज उतरली ना." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "घोटा पाय, महिन्यात जवभर वाढला नाई. लेपानं खाऊन टाकली सूज. आता कायच्या गोळ्या?"

"अक्कल गहाण टाकली आहे का तुम्ही?" मी ओरडले. शेजारी बाहेर आले. "छल्ल्यात गुठळी झाली तर सोडा पिऊन बसणार आहात का पुन्हा? काकूंनी काय करायचं?"

"मोठ्यानं नको बोलू. तू भाडेकरू हाय माह्यी."

"भाडेकरू आहे म्हणूनच सांगते आहे. मी माझ्या बापाला नाही सांगितलं!"

ते तोंडून निघून गेलं. मग थांबता येईना. त्या ओट्यावर, शेजाऱ्यांच्या देखत, मी जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगून बसले. माझे बाबा मोहगावच्या नगर पंचायतीत शिपाई होते. त्यांना अटॅक आला, नळी उघडली, घरी आले. विहारात सगळ्यांनी त्यांना मिठी मारली, चला, आता टेन्शन नाही. तीन महिन्यांनी त्यांचा रिपोर्ट माझ्या हातात आला. कोलेस्टेरॉल उत्तम. बाबांनी विचारलं, "म्हंजे आता काही नाई ना?" आणि मी, लॅबमध्ये काम करणारी, शिकलेली पोर, म्हणाले, "काही नाही बाबा, रिपोर्ट एकदम चांगला आहे." बाबांनी अर्धी सोडलेली बिडी पुन्हा पूर्ण धरली. गोळ्या कधी घ्यायचे, कधी नाही. मी चांगला म्हटलं होतं ना! पहिल्या अटॅकला आठ महिने झाले त्या दिवशी बाबा दुसऱ्या अटॅकनं गेले.

मी पाण्याचा पेला आणि गोळ्या काकाजींपुढं ठेवल्या. "या पोटात गेल्याशिवाय मी इथून उठणार नाही." तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर इतक्या जोरात ओरडले की स्पीकर लावायची गरज पडली नाही. काकाजींनी गोळ्या गिळल्या, पण माझ्याकडे न पाहता. "तुमच्यासाठी घेऊन राहिलो. सूज नाई मले." आणि गालात खर्रा सारला.

गोळ्या चालू झाल्या, पण पटल्या नव्हत्या. न पटलेली गोळी किती दिवस टिकणार?

मेच्या शेवटी एका रविवारी काकू म्हणाल्या, यायले सौंसर रोडवरच्या बागेत नेऊन सोड, ऐकून नाई राहिले. मी स्कूटीवर घेऊन गेले. आमचं बोलणं तेव्हाही जेवढ्यास तेवढं. पावसाळ्याआधी ते प्रत्येक झाडाचं खोड तपासतात. एका झाडापाशी थांबले. बागेतलं सगळ्यात देखणं झाड, पानं गच्च, फळं लागलेली. बुडाशी मात्र हरभऱ्याएवढा डिंकाचा थेंब चिकटला होता. काकाजी गुडघ्यावर बसले, चाकूनं थेंबाभोवतीची साल खरडली, आणि आतून तळहाताएवढा तपकिरी, कुजका, ओलसर पट्टा उघडा पडला. आंबूस वास आला.

"डिंक्या," ते म्हणाले. झाडाशी बोलत होते की माझ्याशी, कळेना. "वरून पाह्यलं तर कोणी म्हणीन का याले काही झालं? हिरवंगार. फळ गोड. अन् आतली साल जळून राहिली. आता हे खरडून मोरचूद-चुना लावला का बरं होईन. पण बुडाशी पाणी साचत राहिलं तर वापस येईन..."

ते थांबले. चाकू हातात तसाच. मला बोलायची इतकी खुमखुमी आली होती म्हणून सांगू! पण आयुष्यात एकदा तोंड बंद ठेवलं. बऱ्याच वेळानं त्यांनी चाकू पायजम्याला पुसला.

"छल्ला म्हंजे मोरचूद-चुना."

"हो."

"मंग माह्या बुडाशी काय साचून राहिलं?"

मग मी तिथंच मातीत बसून सांगितलं. नळीच्या अस्तरात चरबी मुरते. शरीर तिला परकी समजून तिच्यावर आपली माणसं धाडतं. ती भांडतात, पण भांडण मिटत नाही, जागा तापलेलीच राहते. चरबीवरचं पातळ झाकण त्या आगीनं आणखी पातळ होतं आणि एक दिवस तडकतं. तडकलं की रक्त धावून जातं बुजवायला, गुठळी होते, नळी बंद. छल्ल्यानं एक जागा उघडली, पण बाकीच्या नळ्या त्याच आहेत आणि आत धग चालू आहे. आकडा फक्त एवढंच सांगतो की कुठंतरी धग आहे. कुठं, ते सांगत नाही.

"कायनं वाढते?"

"तंबाखूनं. साखरेनं, पोटावरच्या चरबीनं, त्या तुम्हाला नाहीत. हिरड्या सडल्या तरी वाढते. तोंड उघडा जरा."

त्यांनी आ केला. मी मोबाइलचा उजेड मारला आणि मागे सरकले. हिरड्या लालभडक, फुगलेल्या, दातांवरून सुटलेल्या, दोन ठिकाणी पू. मी मोबाइलवर फोटो काढून त्यांच्यापुढं धरला. त्यांनी पाहिला. मग सवयीप्रमाणे अंगठ्याचं नख हिरडीला लावून हलकेच खरडलं आणि बाहेर काढून बघितलं. नखावर रक्त होतं.

"दाखवली तू," ते म्हणाले.

"काकाजी, खोटं नाही सांगणार. हिरड्या बऱ्या झाल्या म्हणजे हार्ट वाचलंच, असं डॉक्टरही लिहून देणार नाहीत."

"लिहून कायले पाहिजे? मी तरी कोणत्या कलमाचं लिहून देतो?" ते उठले. खिशातली खर्ऱ्याची पन्नी काढली, उकरलेल्या मातीत टाकली आणि टाचेनं दाबली. "चाल. वापस चाल."

एकदा पटलं की हा माणूस थेट लढाईवरच उतरतो. आपल्यावर आपलाच भरवसा नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून मला स्कूटी चालवायला लावून ते पांढुर्णा, सौंसर, लोधीखेडा, सगळ्या ओळखीच्या पानठेल्यांवर फिरले. प्रत्येक ठेल्यापुढं उतरायचे आणि एकच दम भरायचे, "आजपासून मले खर्रा देला तर तुह्या बागेतल्या झाडाले मी हात लावणार नाई. तुह्याच नाई, तुह्या सासऱ्याच्याही." इकडं ज्याचा ठेला त्याच्या भावाची, नाहीतर सासऱ्याची बाग असतेच. लोक हसले, पण भ्याले. लोधीखेड्याच्या एका ठेलेवाल्यानं पंधरा दिवसांनी यांना गयावया करताना पाहून एक पुडी दिली. काकाजींनी ती खाल्ली, घरी येऊन स्वतःच कबूल केलं, आणि त्या हंगामात त्या माणसाच्या बागेत खरंच गेले नाहीत. "मी मांगितला तरी त्यानं कायले देला?" असा त्यांचा न्याय. खर्रा सुटेपर्यंतचे दोन महिने त्या घरात भांडं सरळ ठेवलं जात नव्हतं. काकूंनी सगळं सोसलं. मीही उलट बोलायचे, पण दार आपटून जायचे नाही.

डॉक्टरांनी आतल्या सुजेसाठी कमी मात्रेची आणखी एक गोळी दिली, ती जुनी, वाताच्या दुखण्यावरची. शेजारी म्हणाला, ही तर गुडघ्याची गोळी, डॉक्टर चुकला. काकाजी त्याच्यावर खेकसले, "एका औषधानं दोन काम होत नाई का बे? तू एकाच लुगड्यानं धुणं अन् पुसणं करतो का नाई?" ह्या वाक्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही, पण शेजारी गप्प बसला.

खरी कसोटी दातांची होती. सौंसरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, हिरड्या साफ करू, पण समोरचे चार खालचे आणि दोन वरचे काही वाचत नाहीत. हार्टच्या डॉक्टरांना विचारून, रक्ताची गोळी बंद न करता, दोन-दोन करून काढायचे ठरले. काकाजी खुर्चीतून उठून बाहेर आले. बाहेरच्या बाकावर मी आणि काकू. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"समोरचेच हाय," ते म्हणाले. "पट्टी कायनं धरू?"

छातीत छल्ला बसवला तेव्हा हा माणूस घाबरला नव्हता, तो आता घाबरला. मला त्यांची कीव आली आणि माझाच राग आला. त्यांच्या तोंडात मीच तर उजेड मारला होता. मी म्हटलं, "काकाजी, नको असेल तर..."

"नको कसं? दुसऱ्यांदा आला तर डोळा बांधाले हातच कुठी राहीन?" आणि परत आत गेले.

दात गेल्यावर त्यांनी आधी पायाच्या अंगठ्यात पट्टी धरून पाहिली. रोप उपटून हातात आलं. मग दाराच्या कडीला बांधून पाहिली. कवळीनं पट्टी धरली तर कवळीच पट्टीबरोबर बाहेर आली, आणि मी इतकी हसले की त्यांनी दोन दिवस मला चहा विचारला नाही. शेवटी एका सकाळी पाहते तो नर्सरीत काकाजींच्या शेजारी काकू बसलेल्या. चाळीस वर्षांत कलमाच्या कामाला बोट लावू दिलं नव्हतं काकाजींनी त्यांना. आता काकाजी डोळा बसवायचे, काकू पट्टीचं टोक दातात धरून मान झटकायच्या, अगदी यांच्यासारखी.

"जोरात वढ."

"वढून राहिली ना! तुमच्यापेक्षा घट्ट हाय."

काकाजींनी नखानं पट्टी दाबून पाहिली आणि काहीच बोलले नाहीत, म्हणजे घट्टच होती.

जुलैच्या शेवटी मी पुन्हा रक्त काढलं. आकडा दोनाच्या खाली आला होता. एकपर्यंत नाही, पण उतरला होता. मशीनवर तो पाहून मी दोनदा पुन्हा लावून बघितला, कारण चांगला रिपोर्ट सांगायची मला भीती बसली होती. काकाजींनी कागद हातात घेऊन विचारलं, "म्हंजे आता काही नाई ना?"

बाबांचेच शब्द.

"आहे," मी म्हटलं. "धग कमी झाली आहे. विझली नाही. दुबारा येणारच नाही असं मी सांगणार नाही. रोज गोळी, रोज चालणं, खर्रा नाही, हिरड्यांची तपासणी, आणि छातीत काहीही वाटलं तर सोडा न पिता मला हाक मारायची. हे जन्मभर."

"बस, एवढंच?" ते म्हणाले आणि कागद घडी करून खिशात टाकला.

ऑगस्ट लागला आणि माझी झोप उडाली. यांच्या अटॅकला आठ महिने पूर्ण होत होते. मी कुणाला बोलले नाही. डॉक्टरी शास्त्रात आठव्या महिन्याला काही अर्थ नाही, हे मला माहीत होतं, पण मनाला कोण सांगणार? त्या दिवशी मी कामावर गेलेच नाही. डोकं दुखतं म्हणून वर पडून राहिले आणि दर अर्ध्या तासानं गच्चीवरून खाली डोकावत राहिले. काकाजी चालून आले, जेवले, गोळी घेतली, टीव्हीवरच्या बाईशी भांडले. दिवस गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर काकाजी आणि काकू तयार होऊन बसलेले.

"काल तू मले गच्चीवरून पाहून राहिली होती," काकाजी म्हणाले. "मीही पाहून राहिलो होतो. चाल, मोहगावले जाऊ. तुह्या मायले भेटाचं हाय."

"कशाला?"

"चाल म्हटलं ना."

आई अंगणात तांदूळ निवडत होती. आम्हा तिघांना पाहून गडबडली, चटई टाकली, पाणी आणलं. काकाजी चटईवर बसले नाहीत. आईसमोर उभे राहिले, हात जोडले. हा माणूस कुणासमोर हात जोडताना मी कधी पाहिला नव्हता.

"बाई, तुमची पोरगी माह्या घरी भाड्यानं राह्यते. मले अटॅक आला होता. काल आठ महिने झाले. तुमच्या मालकायले जे कोणी सांगितलं नाई, ते हिनं मले सांगितलं, शिव्या देऊन सांगितलं. म्हणून मी उभा हाय तुमच्यासमोर. हे तुमाले दाखवाले आलो मी, अन् हिले संगं आणलं. तिच्या मनात एक गोष्ट हाय, ती तिनं पूर्ण गल्लीले सांगितली, फक्त तुमाले नाई."

आई माझ्याकडे वळली. मी खाली बघत होते. मग सांगितलं. रिपोर्ट माझ्या हातात होता, मीच चांगला म्हटलं, म्हणून बाबांनी बिडी धरली. तीन वर्षं पोटात ठेवलेलं चार वाक्यांत संपलं.

आईनं सूप बाजूला ठेवलं. "येडे," ती म्हणाली, "तू रिपोर्ट वाचला त्याच्या लय आधीपासूनच बिडी पीत होते ते. संडासात जाऊन. मले वास यायचा. मी तुले सांगितलं नाई, तू रागावशीन म्हणून."

तीन वर्षं ती तिकडं तिचं घेऊन बसली होती आणि मी इकडं माझं. मी मोठ्यानं रडले, शेजारपाजारच्या बाया दारात आल्या तरी रडले. आईपण रडली. काकू आमच्या दोघींमध्ये बसून दोघींच्या पाठीवर हात फिरवत होत्या.

थोड्या वेळानं आईनं डोळे पुसले आणि उभ्याच असलेल्या काकाजींकडे पाहिलं.

"बसा ना भाऊ. आजची गोळी घेतली का?"

"जेवल्यावर घेतो."

"मंग आधी जेवा," आई म्हणाली आणि चुलीकडे गेली.